आत कोणी आहे का?

बिरादार साहेब भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी सांगते आहे असं नाही, त्यांच्या तोंडावरही म्हटलं होतं आणि त्यांनी मान हलवून ते कबूल केलं होतं. बँकेत मी मॅनेजर पुष्कळ पाहिले. रागीट पाहिले, गोडबोले पाहिले, वरिष्ठांचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहणारेही पाहिले. पण इतक्या मनापासून भिणारा माणूस दुसरा पाहिला नाही. आता लातूरला माझ्यासमोर नवी पोरं कामाला बसतात. ती कशालाच भीत नाहीत आणि त्यामुळे मलाच त्यांची भीती वाटते. अशा वेळी साहेब हटकून आठवतात.

देगलूरच्या त्या शाखेत मी क्लार्क म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं. माणिकराव बिरादार, मूळचे उदगीरकडचे. नोकरीला लागले तेही याच शाखेत आणि गावोगाव फिरून शेवटी परत इथंच आले. अंगानं किरकोळ, शर्टाची वरची गुंडी लावलेली, खिशात दोन पेनं. त्यांची इच्छा एकच होती, बेदाग जायचं. अख्ख्या नोकरीत एक मेमो नाही, एक खुलासा नाही. बँकवाल्यांना ठाऊक असतं की शेवटच्या महिन्यात आलेला एक कागद सगळ्या नोकरीची माती करतो. चौकशी लागली की निरोपाचा हार तर राहतोच, हातात पडायचे पैसेही अडकून बसतात. साहेबांच्या माहितीत असं एका मुदखेडवाल्यांचं झालं होतं. त्यांचं नाव ते कधी घेत नसत. केबिनचं दार लोटून, हळू आवाजात, नुसतं "ते मुदखेडवाले" म्हणत.

शाखेचा इतिहास मला कुणी मुद्दाम सांगितला नाही, तो साहेबांच्या भीतीवरून कळत गेला. शाखा सुरू झाली ती एका जिनिंगच्या गोदामात. तिथं त्यांना सापाची भीती. सरकीच्या पोत्यांत उंदीर आणि उंदरांमागं साप, म्हणून तरुण बिरादार क्लार्क खुर्चीवर मांडी घालून बसत. मग शाखा एका कापड दुकानाच्या माडीवर गेली, तर तिथं आगीची भीती. खाली कापड, वर नोटा आणि जिना एकच. ते दुकान कधी पेटलं नाही, पण साहेबांनी जिन्याजवळचं टेबल काही सोडलं नाही. पुढं उदगीर रोडला बँकेची स्वतःची इमारत झाली. साहेब मॅनेजर होऊन तिथं आले तेव्हा साप नव्हते, आग नव्हती, चांगली फरशी होती, म्हणून मग ते दाराला भिऊ लागले.

दार म्हणजे स्ट्राँगरूमचं. जाडजूड, लोखंडी, हिरव्या रंगाचं. गोदामापासून ते शाखेबरोबर फिरत आलेलं. माडीवर चढवताना त्याच्यासाठी भिंत फोडावी लागली होती, असं जुनी माणसं सांगत. रोकड आणि लोकांचे लॉकर दोन्ही त्याच दाराआड. ते उघडायला दोन चाव्या लागत, एक मॅनेजरकडची, एक हेड कॅशियरकडची. एकट्याच्या चावीनं ते हलतसुद्धा नसे. आमचे हेड कॅशियर गफारभाई. जाडे, हसरे, बोटात चांदीची अंगठी आणि कशाचीच फिकीर नाही. त्यांची चावी पँटच्या खिशात सुपारीच्या पुडीबरोबर असे. साहेबांची चावी करदोड्याला. आंघोळीला, झोपेत, देवाला, सगळीकडे ती कमरेलाच. एकदा उन्हाळ्यात त्यांना तिथं चट्टा उठला. डॉक्टरनं करदोडा काढायला सांगितला तर साहेबांनी डॉक्टर बदलला.

दोन चाव्या एका ठिकाणी येऊ द्यायच्या नाहीत, हा त्यांचा नेम होता. साहेब आणि गफारभाई कधी एका गाडीत बसले नाहीत. आमचा शिपाई नागनाथ, त्याच्या बहिणीचं लग्न जवळच्या खेड्यात होतं. सगळी शाखा एका जीपमध्ये कोंबून गेली आणि मॅनेजर मागून एसटीनं आले. जेवायची वेळ झाली तर साहेब म्हणाले, मी पहिल्या पंगतीला बसतो, गफारभाई शेवटच्या पंगतीला बसतील. का, तर अन्नातून काही झालं तर दोन्ही चाव्या एकदम दवाखान्यात नकोत. बिचारे गफारभाई भुकेले मांडवात फिरत राहिले आणि साहेब हात धुऊन, पोटाकडे लक्ष देऊन, खुर्चीत बसून राहिले. काही झालं नाही असं पाहून त्यांनी मान हलवली तेव्हा कुठं गफारभाईंच्या पुढ्यात पत्रावळ पडली.

आम्ही हसायचो. मीच जास्त. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आधीच्या जन्मी ससा होतात काय? ते म्हणाले, "भ्याव लागतं ताई. भिणाऱ्याची भाकर गोड लागत न्हाई, पर पचते." आणि खरं सांगते, हसता हसता ती भीती आमच्याही अंगात यायची. संध्याकाळी घरी गेल्यावर मी माझ्या खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघायला लागले होते.

रोजचं काम संपलं की दार लावायचा सोहळा असे. गफारभाई रोकड आत ठेवून बाहेर येत. साहेब दाराशी उभे राहत आणि आतल्या अंधारात तोंड घालून हाक मारत, "आत कोणी आहे का?" तीनदा. आवाज लोखंडावर आपटून परत येई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हळूहळू सवय झाली. नागनाथलाही झाली. तो बिचारा दिवसभर पाय तुटेस्तोवर पळायचा, त्याला घरी जायची घाई. साहेबांची तिसरी हाक झाली की तो मागून, हातातली झाडू न ठेवता, म्हणायचा, "कोनी न्हाई, साहेब." मग दार लागायचं. देवळात आरतीनंतर कुणीतरी जयजयकार करावा तसं ते ठरून गेलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

तो मे महिन्यातला शनिवार होता. साहेबांचा शेवटचाच महिना. पुढं रविवार आणि सोमवारी सुट्टी. दुपारी नरसाबाई आल्या. म्हातारी, एकटी राहणारी, मुलगा पुण्याला. कानानं जवळजवळ ठार बहिऱ्या. त्यांचा लॉकर होता आणि अधूनमधून त्या येऊन आपली पुतळ्याची माळ नुसती बघून जायच्या. आमच्याकडच्या बायका लॉकरला जाताना वहाणा बाहेर काढतात. आत लक्ष्मी आहे, पायताण घालून जायचं नसतं. नरसाबाईंनीही बाकाखाली वहाणा काढल्या. लॉकरचं काम साहेब कुणावर सोपवत नसत, त्यांनी स्वतः त्यांना आत नेलं, लॉकरला बँकेची किल्ली लावून दिली आणि बाहेर येऊन रजिस्टरात नोंद करणार तोच नांदेडच्या रिजनल ऑफिसचा फोन आला. निवृत्तीच्या फाइलीत एक कागद कमी आहे, असं तिकडून कुणीतरी म्हणालं. झालं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. कोणता कागद, कधी पाठवला होता, पोच कुठं आहे, यात पुढचा सगळा वेळ गेला. कपाटं उपसली. नोंद राहिली आणि नरसाबाईही डोक्यातून गेल्या.

गफारभाईंना बिलोलीला पुतण्याच्या मंगनीला जायचं होतं. त्यांनी रोकड स्ट्राँगरूममधल्या दाराजवळच्याच तिजोरीत ठेवली आणि ते बाहेर आले. लॉकरची रांग आत, वळणापलीकडे आहे. साहेबांनी तीनदा हाक मारली. नागनाथ म्हणाला, "कोनी न्हाई, साहेब." दोन्ही चाव्या फिरल्या, दिव्याचं बटण बाहेर होतं तेही बंद झालं आणि गफारभाई गेले.

मी ऑटोची वाट बघत थांबले होते. शटर अर्धं खाली आलं होतं. नागनाथ शेवटचा झाडू मारत होता. त्यानं बाकाखालून वहाणा ओढून काढल्या आणि सहज विचारलं, ह्या कुणाच्या राहिल्या म्हणून. अंगठ्याला दोऱ्यानं शिवलेल्या, म्हातारीच्या वहाणा. साहेबांनी त्या पाहिल्या. ते एकदम खाली बसले, बाकावर नाही, जमिनीवर.

"नागनाथ," ते म्हणाले, "मी हाक मारली तवा 'न्हाई' कोन म्हनलं?"

"मीच म्हनलो की साहेब. रोजच म्हनतो."

"आत बघून?"

नागनाथनं हातातल्या वहाणा हळूच खाली ठेवल्या. बाहेर रस्त्यावर नेहमीसारखी रहदारी चालू होती आणि त्या हिरव्या दाराआडून काहीसुद्धा आवाज येत नव्हता.

मी गफारभाईंना फोन लावला. रिंग वाजली. दोन्हीकडून वाजली. त्यांचा फोन कॅश केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला राहिला होता. ती रिंग मला आजही आठवते, कुठल्याशा कव्वालीची होती. जादा चाव्यांचा जोड नांदेडच्या शाखेत, ती शाखा बंद आणि बिलोलीपेक्षा दूर. नागनाथ आपल्या मोटरसायकलवर बिलोलीला सुटला. त्याला घर माहीत नव्हतं, नुसतं मंगनीचं घर म्हणून विचारत जायचं होतं.

मागं आम्ही दोघं. आतल्या हवेचं काय, मी विचारलं. साहेब करदोड्याची चावी सोडवत राहिले. पण मला माहीत होतं की त्यांना उत्तर माहीत आहे. मागं कधी दाराचं तेलपाणी करायला कंपनीचा माणूस आला होता, तेव्हा हाच प्रश्न त्यांनी त्याला विचारला होता आणि तो हसला होता. त्यानं काय सांगितलं ते साहेबांनी तेव्हाही आम्हाला सांगितलं नव्हतं. मेमधली दुपार, बाहेरच जीव नकोसा झालेला. ते दाराला हात लावून उभे राहिले आणि आपल्या चावीनं लोखंडावर ठोकत राहिले. टक, टक, टक. बहिऱ्या बाईला ते काय ऐकू जाणार? मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, तिनं आतून हात लावला असंल तर हाताला तरी कळंल.

मध्येच थांबून त्यांनी मला घरी जायला सांगितलं. "उद्या कोनी इचारलं तर तुमी हितं नव्हता. तुमची नोकरी लई राहिली हाय."

मी गेले नाही. मोठं धैर्य होतं म्हणून नव्हे. त्या चेहऱ्याला तिथं एकटं सोडून जायचीच मला भीती वाटली. डॉक्टरांना मी बोलावून ठेवलं, पाण्याची घागर भरून ठेवली. काम संपलं की पुन्हा ते टक, टक कानावर यायचं. दर वेळी वाटायचं, आता ते थांबतील आणि ते थांबले की सगळं संपलं असं समजायचं. साहेब ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. जवळ गेले तर ते म्हणत होते, "म्या इचारलो, पर बघितलो न्हाई. म्या इचारलो, पर बघितलो न्हाई."

ऊन उतरलं तेव्हा मोटरसायकल आली. मागं गफारभाई, नवा पठाणी सदरा, अत्तराचा घमघमाट आणि तोंडावर रंग नाही. चावी लावताना त्यांना भोक सापडेना, तेव्हा साहेबांनी त्यांचा हात धरून तिथवर नेला. दार उघडलं. आतून भट्टीची वाफ यावी तशी गरम हवा तोंडावर आली. साहेबांनी दिवा लावला, पण त्यांचं पाऊल आत पडेना. मीच वळणापर्यंत गेले.

नरसाबाई लॉकरला टेकून फरशीवर बसल्या होत्या. घामानं भिजलेल्या, चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले, पण हातातला पदर हळूहळू हलत होता. गळ्यात पुतळ्याची माळ. उजेड दिसला तशा त्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आली का लाईट?"

लाईट गेली आणि दार वाऱ्यानं लागलं, असं त्या धरून चालल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, पाणी पाजलं, बाहेर बाकावर निजवलं. साहेब त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडत होते. म्हातारीला कळेना हा माणूस का रडतो. मी कानाशी ओरडून सांगितलं, की तुम्ही आत राहिलात म्हणून साहेब भ्याले. त्यांनी साहेबांच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्यात काय भ्यायचं? मला ठाव व्हतं तुमी भायेर हाव. तुमी इसरनारं मानूस न्हाई."

दुसरं काहीही त्या म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर फारच बरं झालं असतं. साहेबांनी ते ऐकलं आणि त्यांचं रडणं थांबलं.

सुट्टी संपली. म्हातारी ठणठणीत होती, तिची काही तक्रार नव्हती, डॉक्टर ओळखीचे होते. आम्ही चौघं गप्प बसलो असतो तर ही गोष्ट उदगीर रोड ओलांडून गेली नसती. गफारभाईंनी साहेबांना परोपरीनं समजावलं. "साहब, बुढ्ढी खुश है, आपके गिनके दिन बचे. कागज कायकू काला करते? बेदाग जाने का था ना आपकू?" मीही तेच म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला माझीही काळजी होती.

साहेबांचं लिहून झालं होतं. रिजनल ऑफिसला जाणारा अहवाल त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता, घडलं तसं. मी चिडून विचारलं, की जन्मभर ज्याला भ्यालात ते आपल्या हातानं घरात का आणता? त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "मी गेल्यावर नवा मॅनेजर येईल. त्यो बी हाक मारंल. नागनाथ बी न्हाई म्हनंल. मग?"

त्यांची ही भीती मात्र खरी होती.

महिनाअखेरीला ते निवृत्त झाले. हार आणला होता, पण वरून कळवलं गेलं की चौकशी प्रलंबित आहे, समारंभ नको. चहा झाला. पैसे अडकले. कमी होता तो कागद सापडला होता, त्याचा आता उपयोग नव्हता.

चौकशीला मला साक्षीदार म्हणून नांदेडला बोलावलं होतं. चौकशी अधिकारी तरुण होते आणि मनानं बरे होते. समोर साहेब बसले होते, अजून वाळलेले, वरची गुंडी लावलेली. बाहेर बाकावर नागनाथ होता. दार उघडं होतं, तो दिसत होता. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक वाट काढली. म्हणाले, शिपायानं आत पाहून कोणी नाही असं सांगितलं आणि तुम्ही त्याच्यावर विसंबलात, असं जबाबात येऊ द्या. मग तुमच्यावर फारसं काही राहत नाही. तुमचे पैसेही मोकळे होतील.

माझ्या मनात आलं, हो म्हणा. देवा, यांना हो म्हणायची बुद्धी दे. साहेबांच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता तरी होता. त्यांनी बाहेर नागनाथकडे पाहिलं. त्याची दोन लहान लेकरं आम्हा सगळ्यांना माहीत होती.

"त्यानं बघितलं न्हाई साहेब," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की अधिकाऱ्यांना पुढं वाकावं लागलं. "त्याला बघायला कोनी सांगितलंच नव्हतं. इचारायचो मी. बघायचं बी मीच व्हतं."

जबाब तसाच लिहिला गेला. अधिकाऱ्यांनी कागद पुढं सरकवला, आणखी एकदा विचार करा म्हणाले. साहेबांनी पेन उचललं, पण हात एवढा कापत होता की टोक कागदावर टेकेना. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि तशीच सही केली. वेडीवाकडी, ओळीच्या खाली घसरलेली.

मग त्यांनी चष्मा नीट करून ती सही निरखून पाहिली. मला वाटलं, आता मन बदललं. अधिकाऱ्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते आशेनं थांबले.

"साहेब, ही जुळत न्हाई," बिरादार साहेब म्हणाले. "उद्या कोनी म्हनंल, ही त्यांची सहीच न्हाई. दुसरा कागद द्या."

दुसरा कागद आला. तो सगळा जबाब त्यांनी पहिल्या शब्दापासून पुन्हा स्वतःच्या हातानं उतरवून काढला. आम्ही बसून राहिलो. शेवटच्या ओळीला येईपर्यंत हात स्थिरावला होता आणि या वेळची सही स्वच्छ आली. तो कागद त्यांनी अधिकाऱ्यांपुढं ठेवला, पेन खिशाला लावलं आणि बाहेर जाऊन नागनाथच्या शेजारी बसले.